आठव्या ट्रॅकवरची थाप

ही गोष्ट माझ्या मावशीच्या बाबतीत घडली आहे. इकडून तिकडून ऐकलेली नाही. तिने स्वतः मला समोर बसवून सांगितली. तिचा चहा गार होऊन त्यावर साय आली, तरी तिने कपाला हात लावला नाही. माझी मावशी खोटं बोलत नाही. भुताखेतांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता.

तेव्हा रात्र नव्हती, वादळ नव्हतं. गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात लोक गाल धरून बसले होते.

मावशी मात्र खाली तळघरात होती. तिच्या स्टुडिओत.

मावशीचं काम जगावेगळं. जुन्या टेपवरचं संगीत वाचवायचं. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप दमटपणाने चिकट होते. तशीच मशीनवर चढवली, तर आवाज खरवडून निघतो. म्हणून आधी ती मंद उष्णतेत सात-आठ तास ठेवावी लागते. मावशी याला 'टेप भाजणं' म्हणते. शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटायचं, बाईंची बेकरी आहे.

त्या आठवड्यात तिच्याकडे सहा टेप आल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटाचं संगीत. चार चोर एक बँक लुटतात, अशी काहीतरी कथा. चित्रपट साफ आपटला होता. संगीताचे वेडे मात्र अजून शिल्लक होते. एक कंपनी तो अल्बम नव्याने काढणार होती. खोक्यात जुनं कव्हरही होतं... काळे चष्मे, खाली पसरत गेलेल्या पँट, आणि चौघांच्या चेहऱ्यावर 'आम्हाला कोण पकडतंय' असा रुबाब.

संगीतही तसंच. ऐटबाज. गुबगुबीत बास, चावट गिटार, मध्येच खांदा उडवल्यासारखा ट्रम्पेट. मावशीची पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. तरी ती खुर्चीत बसल्या बसल्या डुलत होती.

बुधवारी सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, बाकीची गाणी मागाहून पाठवा. 'तिजोरी' तेवढं आधी द्या. लोक त्याच्यासाठीच अल्बम घेणार आहेत. मध्ये तो ठोका येतो ना... वेड आहे."

मावशीने 'तिजोरी'ची टेप चढवली.

त्या टेपवर आठ ट्रॅक होते. म्हणजे आठ वाद्यं वेगवेगळी. हवं ते एकटं ऐकता येतं, नको ते बंद करता येतं. खोक्यात एक कागद होता. ड्रम, बास, गिटार, ऑर्गन... असं ओळीने लिहिलेलं. आठव्या ट्रॅकसमोर 'बाँगो' लिहून पेनाने खोडलं होतं.

एकदा नाही. पुन्हा पुन्हा. कागद फाटेपर्यंत.

गाणं सुरू झालं. पहिलं मिनिटभर बाँगो झकास वाजत होते. मग ते थांबले, आणि ठोका सुरू झाला.

तीन जलद. जरा थांबून दोन.

तीन जलद. जरा थांबून दोन.

भरीव, घुमणारा आवाज. मावशीला वाटलं, वाजवणारा मोठा कल्पक असला पाहिजे. बाँगो सोडून लाकूड की पत्रा वाजवतोय.

तिने बाकीचे सात ट्रॅक बंद केले. आठवा एकटा ऐकला.

ठोका... ठोका... आणि दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी होतं.

तिने आवाज वाढवला.

श्वास होता.

शिट्टीसारखा, ओढून ओढून घेतलेला. मग काहीतरी खरवडल्याचा आवाज. मग पुन्हा तीन आणि दोन. शेवटी शेवटी ठोके हळू होत गेले. तालात होते, पण हळू. मग नुसती टेपची सरसर.

मावशीने मशीन बंद केलं. 

तेवढ्यात...

तीन जलद. जरा थांबून दोन.

मागच्या भिंतीतल्या कपाटातून.

ती उठली. कपाट उघडलं. आत वायरींची भेंडोळी आणि रिकामे डबे. बाकी काही नाही. आवाजही नाही.

"उंदीर असेल," ती मोठ्याने म्हणाली. मला सांगताना म्हणाली, "उंदीर कधी तालात वाजवतो का रे?"

संध्याकाळी ती घरी आली. स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. फ्रिजच्या आतून आवाज आला.

तीन. दोन.

तिने फ्रिज उघडला. आवाज थांबला. बंद केला. मग आवाज कपड्यांच्या कपाटातून सुरू झाला. ते उघडलं. आत एक हँगरसुद्धा हलत नव्हता. उघडं दार दिसलं की आवाज गप्प. बंद दार दिसलं की सुरू. मावशी एकटी राहते. तिने घरातली सगळी दारं, सगळी झाकणं, अगदी पेट्यासुद्धा उघड्या टाकल्या, आणि मग तिला झोप लागली.

त्या अल्बममधल्या वादकांपैकी एकच हयात होते. बास वाजवणारे काका. वय सत्तरीच्या पुढे. कव्हरवर छापायला त्यांच्या आठवणी हव्यात, म्हणून कंपनीने त्यांचा नंबर दिला होता. मावशीने सकाळी त्यांना फोन केला. गाण्याचं नाव सांगितलं.

काका म्हणाले, "ताई, ते गाणं सोडून द्या."

"काका, मला फक्त एवढं सांगा, आठव्या ट्रॅकवर कोण आहे?"



"दुपारी तीनला येतो," ते म्हणाले.

तीन वाजले तरी काका आले नाहीत. मावशी आपली कामाला लागली. फोनमुळे मशीनमध्ये गुणगुण येते, म्हणून तो नेहमीसारखा बाहेरच्या टेबलावर ठेवला. दार लोटलं. स्टुडिओचं दार म्हणजे चांगलं जाडजूड, कडेने रबर बसवलेलं. खोलीला खिडकी नाही.

'तिजोरी' ती लावणार नव्हती. दुसरंच गाणं लावलं. पाठलागाचं. मिनिटभरात त्यातले बाँगो थांबले...

आणि ठोका सुरू झाला.

त्या गाण्यात तो नव्हताच. कालच तिने ते पूर्ण ऐकलं होतं.

तिने मशीन बंद केलं. चाकं थांबली. बास थांबला, गिटार थांबली, ट्रम्पेट थांबला.

ठोका थांबला नाही.

तो खोलीत होता. आणि या वेळी कपाटातून नाही, भिंतीतून नाही...

दारातून.

मावशी दाराकडे धावली. दांडी खाली दाबली. दांडी हलेना. दोन्ही हातांनी दाबली. दहा वर्षं रोज उघडत असलेलं दार, जणू भिंतीचाच भाग झालं होतं.

दिवा एकदा मिचकावला. तिच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. मावशीला आयुष्यात कधी दम लागलेला नाही, पण तेव्हा श्वास आत जाईना. जायचा तो शिट्टी वाजवत. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही.

उरले हात.

ती दारावर मारत सुटली. जिवाच्या आकांताने. कितीतरी वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण कसं मारतोय.

तीन जलद. जरा थांबून दोन.

तिने ताल मोडायचा प्रयत्न केला. नुसतंच कसंही बडवायचं. हात ऐकेनात. वर दातांच्या दवाखान्यात कुणीतरी पायाने जमिनीवर ताल धरला... तिच्या ठोक्याबरोबर. तिला तो स्पष्ट ऐकू येत होता. लोकांना वाटत होतं, खाली बाई काहीतरी छान वाजवतायत.

तिचे गुडघे टेकले. हात जड झाले. ठोके हळू होत गेले.

आणि दार उघडलं.

सहज. करकर नाही, काही नाही. बाहेर काका उभे होते. चेहरा पांढराफटक. एका हातात टोपी, दुसरा हात दांडीवर.

मावशी पॅसेजमध्ये कोसळली आणि धापा टाकत श्वास घेऊ लागली. काका तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. 

"किती वेळ आत होतात?" त्यांनी विचारलं.

"चार... पाच मिनिटं."

काकांनी मान हलवली. "मी तीन वाजून दहा मिनिटांनी आलो, ताई. अर्धा तास झाला, इथेच उभा आहे. तो ठोका ऐकतोय. मला वाटलं, तुम्ही टेप ऐकताय. आत यायची हिंमत होईना." जरा थांबून ते म्हणाले, "मग मनात आलं, तेव्हाही असंच वाटलं होतं."

आणि तिथेच, जमिनीवर बसून, त्यांनी सांगितलं.

बाँगो वाजवणारा त्यांचा जिवलग मित्र होता. सगळे त्याला टिचक्या म्हणत. चित्रपटात तिजोरी होती, म्हणून संगीतकाराला आवाजही तिजोरीतला हवा होता. स्टुडिओच्या मागे लोखंडी दाराची एक कोंदट खोली होती. टिचक्याला बाँगो, मायक्रोफोन आणि हेडफोन देऊन तिच्यात बसवलं. दार लावून घेतलं. ते आतून उघडत नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

टिचक्याला दमा होता.

"दम कोंडल्यावर त्याला बोलता येत नव्हतं. दार वाजवता येत होतं. आम्हाला हेडफोनमधून ते ऐकू येत होतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो. म्हटलं, आज काय रंगात आलाय पठ्ठ्या."

"पण काका, तालात कसं..."

"टिचक्या होता तो, ताई. त्याला भूक लागली तरी ताट तालात वाजवायचा. मरतानासुद्धा त्याचा हात तालाबाहेर गेला नाही. म्हणून तर कळलं नाही आम्हाला. गेला असता, तर मी धावलो असतो."

काकांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच वाहू दिलं.

"गाणं संपलं. आम्ही सगळे ते ऐकायला गेलो. दोनदा ऐकलं. टाळ्या वाजवल्या. तो आतच होता."

मावशी भिंतीला धरून उठली. मग काकाच म्हणाले, "लावा. मला एकदा ऐकू द्या त्याला."

मावशीने दारात खुर्ची अडकवली आणि 'तिजोरी' लावलं. फक्त आठवा ट्रॅक.

बाँगो. मग ठोका. श्वास. खरवडणं. ठोके हळू झाले, थांबले. टेपची सरसर.

मावशी मशीन बंद करायला वाकली. काकांनी तिचा हात धरला.

सरसरीच्या खाली काहीतरी हललं.

कडीचा आवाज आला.

जड दार उघडल्याचा आवाज. मग एक मोठा श्वास... पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. मग पावलं. सावकाश. मायक्रोफोनपासून दूर जाणारी.

मग काही नाही.

मावशीने आदल्या दिवशी त्या टेपची प्रत काढून ठेवली होती. ती लावून पाहिली. तिच्यात शेवटी नुसती सरसर होती. दार नव्हतं. श्वास नव्हता. पावलं नव्हती.

टेप तीच होती. कुणी हात लावला नव्हता.

मावशीने कंपनीला सगळ्या टेप परत पाठवल्या. हे काम माझ्याने होणार नाही, म्हणाली. त्यानंतर तिच्या घरात एकदाही ठोका ऐकू आला नाही. मला वाटलं, चला, सुटला बिचारा. मावशीलाही तसंच वाटलं होतं.

दहा दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज अगदी हळू. शेजारी कुणी झोपलं असावं, तसा.

"ताई, मी जेवायला बसलो की समोरून टेबलावर कुणीतरी ताल धरतं."



"घरी दुसरं कोणी आहे, काका?"

"नाही. रागावलेला नाही वाटत तो. नुसता वाजवत बसतो. थांबतो. पुन्हा सुरू करतो. मी साथीला यायची वाट बघितल्यासारखा." मग म्हणाले, "मी बास पेटीतून बाहेर काढलाय. चाळीस वर्षांनी. तारा नव्या बसवल्या. ताई, मी साथ दिली, तर तो जाईल... की मला घेऊन जाईल?"



फोनवर मागे काहीतरी वाजत होतं. फार हळू. तिने कान देऊन ऐकलं नाही, फोन ठेवून दिला. त्यानंतर काकांचा नंबर तिने दोनदा काढला. लावला मात्र नाही.