एकोणीस रेणू

२३ डिसेंबर २०२३, शनिवार. कामठ्याला धानाच्या काट्यावर आमचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता. पोती उघड्यावर सोडून घरी जाता येत नाही, म्हणून आम्ही ट्रॅक्टरच्या आडोशाला शेकोटी करून बसलो होतो. माझे दोन पुतणे, उमेंद्र आणि हिमांशु, मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत गप्प होते. मग उमेंद्रनं शेजारच्या ट्रॉलीवर बसलेल्या चुन्नीलालजींना छेडलं.

"काकाजी, भुताची सांगा ना गा एखादी. झोप तं येऊन नाही राहिली."

"अन् आयकल्यावर येईल का बे?"

चुन्नीलालजी साठी ओलांडलेले. गावोगावच्या नळयोजनांच्या याद्या तपासण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी थोडा वेळ हात शेकले.

"सांगतो. पण गावाचं नाव इचारायचं नाही. तिथल्या अठरा पोरींचे लग्न व्हायचे हायेत."

पुढचं सगळं त्यांचंच सांगणं आहे. मी ते घरी आल्यावर नीट लिहून काढलं.

*

२०१९ चा वैशाख. १६ मे, गुरुवार. धर्मेंद्रला त्या संध्याकाळी एवढंच करायचं होतं. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून नळासाठी घरोघरच्या माणसांची यादी घ्यायची आणि रात्री माझ्याकडे आणून द्यायची. सकाळी मला ती पुढं पाठवायची होती.

धर्मेंद्र माझ्या साळ्याचा मुलगा. चोवीस वर्षांचा. कामाला मीच लावलेला. अक्षर सुरेख आणि एकही रकाना रिकामा न सोडणारा.

यादी आधी एकदा आली होती, मीच ती परत पाठवली. घरं सेहेचाळीस, त्यांत मुली एकोणीस, आणि एकोणीसही मुलींचं नाव रेणू. मला वाटलं, पोरानं आंब्याखाली बसून रकाने भरले. फोनवर झापला.

"अबे, एकाच नावाचा शिक्का बनवून आणला का?"

"नाही फुफाजी, आईशप्पथ. सगळ्या रेणूच हायेत. पोरीच नाही, गावातली पाण्याची बोडी रेणू. बोडीच्या बांधावरचा, पाळीवरचा आंबा रेणू. पुनारामजीची म्हैस रेणू. दुकानाचं नाव रेणू किराणा, अन् गावातून निघते ते काळीपिवळी, तिच्या काचेवरबी रेणूच लेहून हाय."

("मंग एकीले हाक मारली तं?" हिमांशुनं मध्येच विचारलं.

"जे जवळ असते ते येते," चुन्नीलालजी म्हणाले. "म्हैस धरून."

पोरं हसली. ते हसले नाहीत.)

मी धर्मेंद्रला म्हटलं, अशी यादी चालणार नाही. प्रत्येकीच्या नावापुढं एक खूण लिही आणि घर कोणतं ते लिही. म्हणजे कोणती रेणू कोणाची, हे वाचणाऱ्याला कळेल.

हे मीच सांगितलं. ध्यानात ठेवा.

तो परत गेला आणि कुंदाबाईकडं उतरला. कुंदाबाईचा नवरा हैदराबादला कामाला होता. घरी ती आणि तिची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. रेणूच. ही पोरगी चार दिवस धर्मेंद्रच्या पुढं पुढं गावभर फिरली. कोणाचं घर कुठं, कोण कोणाची, सगळं तिनंच दाखवलं.

"साहेब, तुमाले इतकं लेहाव लागते. शाळेत अभ्यास केला नोवता का?"

"केला होता. तू तोंड मिटून चाल. दात पडला तिथून वारा जाईल."

ती आणखी मोठ्यानं हसायची. समोरचा दात पडलेला होता. धर्मेंद्रनं तिच्या नावापुढं तेच लिहिलं. बाकीच्यांपुढंही लिहिलं. कोणाच्या कपाळावर वण, कोणाच्या गालावर तीळ, कोणाचे केस भुरे.

तिसऱ्या संध्याकाळी पुनारामजीनं त्याला ओट्यावर बसवलं. गावात सगळ्यांत म्हातारा माणूस.

"साहेब, नावं लेहा. पण खुणा काऊन लेहून राहिले?"

"वरून सांगतलं हाय बाबाजी."

"वरच्याले काय माहीत?" म्हाताऱ्यानं आवाज उतरवला. "माह्या आज्याच्या वक्ती हे बोडी खोदून राहिले होते. एक बाई मजुरीले आली. दुरून. संगं तिची पोट्टी. एक दिवस पाळीची माती घसरली, अन् पोट्टी खाली गेली. गावानं पायलं. पण काम थांबेल म्हणून सांगतलं नाही. वरून अजून माती टाकली. ते बाई दारोदार फिरली. माही रेणू पायली का? माही रेणू पायली का? सगळे म्हणाले, नाही पायली. ते फिरता फिरताच मेली."

"मग?"

"मेल्यावरबी इचारतेच. तवा गावात एक रेणू होती, दुसऱ्याची. कोनीतरी भेवून तिचं घर दाखवलं. ते पोरगी मंग दिसली नाही, पण बाईचं इचारणं थांबलं नाही. तवापासून इथं जे जनमते ते रेणू. बाई दारात येते, तं दारोदारी रेणू. आपली कोनती, तिले समजत नाही. रातभर फिरते, पहाटे जाते. तिले आपल्या पोरीची एक खूण याद हाय म्हणतात. कोनती, ते कोनालेच माहीत नाही. म्हणून आमी खूण बोलत नाही, साहेब. दिवसाबी नाही."

धर्मेंद्र हो हो म्हणाला. कागद कोणाला दाखवणार नाही, असं कबूल केलं. पण खुणा खोडल्या नाहीत. मी पुन्हा परत पाठवली असती ना.

गुरुवारी रात्री आठ वीसला तो मोटारसायकलवर निघाला. पौर्णिमेला दोन दिवस होते, चांदणं लख्ख. बोडी पार आटलेली, तळाला भेगा पडलेल्या. पाळीच्या वळणावर एक बाई उभी होती. लग्नसराई होती, रोज पाहुणे येत होते. त्याला वाटलं, काळीपिवळीतून उतरलेली कोणाची तरी पाहुणी. त्यानं गाडी थांबवली.

"कुठं जायचं बाई?"

"बाबू, तुमी सगळ्याईचे नाव लेहून राहिले म्हणते."

"हो."

"मंग माही रेणू कोनती?"

तो हसला. "एकोणीस हायेत. काही खूण सांगा."

 ती म्हणाली,

"समोरचा दात पडला हाय तिचा."

"अरे, ते! कुंदाबाईची. हातपंपाच्या पुढं तिसरं घर."

त्यानं हात करून दिशाही दाखवली. चार दिवसांच्या मेहनतीचा कोणाला तरी उपयोग झाला, म्हणून त्याला बरंच वाटलं.

बाई म्हणाली, "बरं केलं बाबू. कोनीच सांगत नोवतं."

तो निघाला. पाळ संपली. मोहाची झाडं आली. तिथं त्याच्या हातातून एक्सलेटर सुटला.

त्यानं गाडी फिरवली. एका बाजूला पाळ, दुसऱ्या बाजूला मोकळी धानाची बांधी. चांदण्यात उंदीर पळाला तरी दिसावा. बाई कुठंच नव्हती. गावापर्यंत रस्ता पायी वीस मिनिटांचा. तिला सोडून येऊन त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

("फोन काऊन नाही केला?" उमेंद्रनं विचारलं. आता त्याचा आवाज हळू होता.

"पाळीमागं टॉवर लागत नाही.")

तिसऱ्या घराच्या अंगणात खाटेवर रेणू झोपली होती. श्वास चालू.  धर्मेंद्रनं कुंदाबाईला सगळं सांगितलं.  शेवटी तिनं फक्त विचारलं,

"खूण सांगतली का घर?"

"खूण तिनं सांगतली. घर मी."

कुंदाबाई पुनारामजीकडं धावली.

पुनारामजी आला. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "सगळ्या पोरी समाजमंदिरात आणा. मिसळून टाका."

एकोणीस मुली एका रांगेत झोपवल्या. लहान, मोठ्या, सगळ्या. अंगावर एकसारख्या पांढऱ्या चादरी. तोंडावर ओढण्या बांधल्या, नाकापर्यंत. दात दिसू नये म्हणून. पुरुष बाहेर बसले. आत मायांनी आपापल्या पोरीपाशी बसायचं नाही, असं ठरलं. तेवढ्यावरूनही ओळखता आलं असतं. पण कुंदाबाई ऐकेना. भिंत आणि रांग यांच्या फटीत अंग चोरून ती उशाशी बसली आणि चादरीखालून पोरीचं मनगट धरलं.

धर्मेंद्रला आत दाराशी बसवलं. मोजायला.

बारा वाजले. एकोणीस.

साडेबारा. एकोणीस.

एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर कोणीतरी म्हणालं...

"रेणू..."

कोणी ओ दिली नाही.

"रेणू..."

पुरुष बाहेर बसले होते. त्यांच्यामधूनच आवाज आला. कोणी हललं नाही.

मग... आतून.

दार लावलेलंच होतं. कडी तशीच.

पहिल्या मुलीच्या तोंडावरची ओढणी सरकली. हलकेच. झोपलेल्याचं पांघरूण आई सरकवते तशी. पुन्हा वर आली.

दुसरी.

तिसरी.

धर्मेंद्रला ओरडायचं होतं. तो मोजतच राहिला.

सहावी... सातवी...

अकराव्या मुलीची ओढणी सरकली.

वर आली नाही.

...

त्यानं मला एवढंच सांगितलं. त्यानंतर खोलीत कोणीतरी खूप वेळ रडत होतं. दुःखानं नाही. सापडल्यावर माणूस रडतं, तसं.

तांबडं फुटलं. कडी काढली. धर्मेंद्रनं मोजलं. पुन्हा मोजलं. प्रत्येक चादरीला हात लावून मोजलं.

अठरा.

कुंदाबाई भिंतीशी तशीच बसलेली. हात पुढं, मूठ घट्ट. दोन बायांनी मिळून ती उघडली. आत काही नव्हतं.

"म्या हात सोडला नाई," ती म्हणत होती. "म्या हात सोडला नाई वं."

मग जे करतात ते सगळं केलं. पोलीस आले, जंगल पालथं घातलं. हैदराबादहून नवरा आला. त्यानं एकट्यानं आठ दिवस बोडीचा तळ खणला. कडक माती निघाली, अजून कडक माती निघाली. दुसरं काही नाही. धर्मेंद्र तिथून आला तो माझ्या दारात बसून राहिला. घरात ये म्हटलं तर म्हणे, मी कोणाच्या घरात जाऊन नाही राहिलो आता.

चौदाव्या दिवशी मी गेलो. यादीवर खुणा लिहायला मीच सांगितलं होतं, तोंड दाखवणं भाग होतं. कुंदाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी हात जोडले.  तीच बोलली.

"आता तुमची यादी बरोबर झाली का, बाबूजी?"

मी त्या रात्री तिथंच राहिलो. पुनारामजीकडं. तो म्हणाला, ते बाई आता येत नाही. तिचं इचारणं संपलं. मला वाटलं, चला, निदान बाकीच्या तरी सुटल्या. मी तसं बोललोही.

म्हातारा म्हणाला, "आज रात थांबा. मंग बोला."

३० मे, गुरुवारची रात्र. एक वाजून दहा मिनिटं.

आधी मला वाटलं, मांजराचं पिल्लू. मग शब्द कळला.

"माय..."

लहान आवाज. बोडीकडून आलेला.

"माय..."

गावात एकेका घरात दिवा लागला. बाया जाग्याच होत्या. पोरं छातीशी धरून बसल्या होत्या. आवाज पहिल्या दारात आला, थांबला. पुढं गेला. दुसऱ्या दारात. प्रत्येक घरात एक माय होती. कोणाला हाक आहे, हे त्या आवाजाला सांगता येत नव्हतं.

हातपंपापाशी कुंदाबाई धावत आली. पदर जमिनीवर.

"इकडं वं! मी हाय! मी तुही माय, कुंदा! तिसरं घर! हातपंपाच्या पुढं... तिसरं घर..."

ती सगळ्या खुणा ओरडून सांगत होती. हातावरचं गोंदण, कपाळावरचा वण, तिला पोरगी ज्या नावानं चिडवायची ते नाव. तिचा आवाज बसला, तरी सांगत होती.

तो आवाज तिच्या अगदी जवळून गेला. मी पाहत होतो. म्हणजे... पाहण्यासारखं काही नव्हतं. कुंदाबाईनं दोन्ही हात पसरले होते, आणि आवाज तिच्या पुढून चौथ्या घरी गेला.

"माय..."

पहाटेपर्यंत.

उजाडल्यावर मी गावातून चाललो. मेचा शेवट. बोडी कोरडी, हातपंप कोरडा, प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. आणि घराघराच्या दारावर, माझ्या कमरेच्या उंचीवर, एका लहान पंजाचा ठसा होता. ओल्या मातीचा. इतका ओला की खाली ओघळ येत होते.

मी प्रत्येक दारापाशी थांबून मोजले. दुसरं काय येतं मला?

पंचेचाळीस.

तिसऱ्या घराचं दार कोरडं होतं.