तेरा बटणं

आत्याकडे जुन्या कोटाची तेरा बटणं होती. मी सहा वर्षांची असताना ती टेबलावर मांडून तिनं मला मूळ संख्या शिकवली. दोन ओळी कर, तीन कर, चार कर; सारख्या ओळी लावल्या की एक बटण उरायचंच. "बघ, एक नेहमी रुसून बाजूला बसतं," ती म्हणायची.

ती एका संस्थेत गणक होती. मोठमोठ्या संख्यांचे मूळ अवयव काढायचं काम. एकोणीस वर्षांत एक चूक नाही. मग एका बावीस अंकी संख्येचे तिला दोन मूळ अवयव सापडले आणि आठवड्याभरानं आणखी दोन, अगदी वेगळे, पण गुणाकार तोच. हे होऊच शकत नाही. कुठलीही संख्या मूळ अवयवांत एकाच रीतीनं फुटते, हे शाळेतली पोरंही जाणतात. विभागप्रमुखांनी तिच्या नोंदवहीत लाल शाईनं 'निष्काळजी' लिहिलं आणि तिला घरी बसवलं. त्यानंतर आत्यानं तोंडातून आकडा काढला नाही. कुणी वय विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायची.

गेल्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं. "तेवढा शब्द खोडून आण," एवढंच म्हणाली.

मी तिच्या जुन्या कागदावरच्या चारही संख्या तपासल्या. चारही मूळ. पहिली जोडी गुणली, दुसरी गुणली. बावीसच्या बावीस अंक जुळले. संगणकावर, हातानं, पुन्हा दुसऱ्या संगणकावर. चौदा वेळा. शेवटी रागानं पेन्सिलीचं टोक मोडलं. तिची चूक नव्हतीच.

भर दुपारी मी प्रमुखांच्या घरी गेले. आता निवृत्त, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांनी चहा विचारला. मी कागद समोर टाकला आणि म्हटलं, गुणा.

त्यांनी कागदाला हात लावला नाही. "माझंही जुळलं होतं," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "माहीत होतं? आणि तरी निष्काळजी?"

"दोन दिवस मी तेच ताडून बघत होतो. तिसऱ्या दिवशी घरचा जिना मोजला. चढताना आणि उतरताना पायऱ्या सारख्या भरेनात. मग वही मिटली. तू किती वेळा बघितलंस?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा, मी म्हटलं, शब्द खोडा. नोंदवही त्यांच्याच कपाटात होती, कुलपात. त्यांनी शब्द खोडला, खाली सही केली. मी आभार मानले नाहीत.

घरी आत्या खोडलेल्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिली. हसली नाही.

"म्हणजे खरंच होतं," ती म्हणाली आणि बटणांची डबी मागितली.

तिनं बटणं मोजून घेतली. तेरा. चादरीवर दोन ओळी लावल्या.

सारख्या.

डबी रिकामी होती. कुणीच रुसून बसलं नव्हतं.

एका ओळीत किती, ते मी अजून मोजलेलं नाही.