वहिनी उभी राहिली की मशीन थांबायचं

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या आतेभावाबरोबर घडलेलं आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. कारखान्यांतल्या विजेच्या मोटरी दुरुस्त करतो. त्याला भुतापेक्षा सैल वायरची भीती जास्त.

रविवारची भरदुपार. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना बंद होता. आत फक्त तो आणि त्याची वहिनी.

पुठ्ठा कापायच्या ज्या मशीनवर त्याचा दादा गेला, त्याच मशीनवर आता वहिनीला घेतलं होतं. पण मशीन चालेना.

मोटरच्या मागे एन्कोडर असतो. मोटर खरंच किती फिरली ते तो कंट्रोलरला कळवतो. सांगितलेलं आणि फिरलेलं जुळलं नाही की अलार्म, आणि सगळं ठप्प.

उद्या चाललं नाही तर मशीन भंगारात आणि वहिनी घरी, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं.

त्याने केबल बदलली. अर्थिंग तपासलं. एन्कोडरही नवा बसवला. स्वतः उभं राहून ढीगभर पुठ्ठे कापले. एकदाही अलार्म नाही.

"या वहिनी, झालं तुमचं काम."

वहिनी उभी राहिली. पुठ्ठा सरकवला. पातं निघालं...

खुणेच्या वीतभर अलीकडेच थांबलं. अलार्म.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

मग त्याने वीजच बंद केली. मोटरच्या दांड्यावर पेनाने रेघ मारली.

"वहिनी, कशालाही हात लावू नका. नुसत्या उभ्या राहा."

कुठे टाचणी पडल्याचाही आवाज नाही...

रेघ हलली.

हळूहळू... मागे.

एन्कोडर खरं तेच सांगत होता. मोटरला कोणीतरी मागे ओढत होतं.

तो दोन पावलं मागे सरकला. वहिनी मात्र जागची हलली नाही.

"मला पहिल्या दिवसापासून कळलंय," ती म्हणाली. "अडकलेला पुठ्ठा काढायला हात घातला आणि गेले. मला इथे उभं राहू देत नाहीत."

"मग सोडा ना हे काम!"

"सोडते. घरी चूल कशी पेटवायची, तेही त्यांनाच विचारा, भाऊजी."

त्याने पेन खिशात ठेवलं.

"तो अलार्म बंद करता येतो ना?" तिने विचारलं.

येत होता. एन्कोडरचं ऐकूच नकोस, असं कंट्रोलरला सांगता येतं. त्याने डोळे पुसत पुसत ते सांगितलं.

मशीन चालू झालं. अलार्म नाही.

वहिनी अजून तिथेच आहे. फक्त तिने कापलेले पुठ्ठे तोकडे निघतात; पातं खुणेच्या अलीकडेच पडतं, आणि मशीनला ते कळत नाही. आधी बोटभर तोकडे होते...

आता चार बोटं.

आतेभाऊ दिवसातून दहादा तिला फोन करतो. ती म्हणते, "मी ठीक आहे, भाऊजी." मागे मशीन चालू असतं. तिला तो आवाज नेहमीचाच वाटतो.

त्याला मात्र त्यात मोटरचं कण्हणं ऐकू येतं. जीव तोडून कोणी ओढत असेल तरच मोटर अशी कण्हते, आणि हल्ली ती फार कण्हते.