नळीतले सात हिवाळे

ही हकीकत खरी आहे. मला सांगण्याची कला नाही, त्यामुळे ती खोटी वाटली तर दोष माझा. घडली त्यात माझा मामेभाऊ चिंतामणी होता, आणि शेवटच्या भागात थोडासा मी.

साल १९८६. मे महिना, मंगळवार, दुपारचे तीन. जागा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक मासळीचा कारखाना. तिथली थंड खोली.

चिंतामणी गाळाचा अभ्यासक. हिमनदीचं पाणी साठून झालेली तळी, आणि नॉर्वेतले फियोर्ड, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, यांच्या तळाशी साचलेला चिखल तो उभ्या नळीत काढी आणि त्याचे थर मोजी. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की फिकट थर बसतो. हिवाळ्यात तळं गोठलं की काळा, बारीक. एक काळी रेघ म्हणजे एक हिवाळा.

त्याचं सगळं नाव एका नळीवर उभं होतं. १९७९च्या सप्टेंबरात हिमाचलातल्या एका तळ्यातून काढलेली, हातभर लांब, पारदर्शक. तिच्यात चारशे बारा काळ्या रेघा होत्या. त्या त्याने बाहेरूनच मोजल्या होत्या. नळी कधी उघडली नव्हती.

तळ्यात नळी सोडायचा तराफा सांभाळायला त्याने इथलाच एक खलाशी नेला होता, लवू. मोठा गमत्या माणूस.

"तुमचं बरं हाय, भाऊ," लवू म्हणायचा. "मातीचे डाक्टर. पेशंट मेला तरी बोंबलत नाय."

त्या तळ्यातून लवू परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही.

'पाय घसरला. मी हात दिला होता, पण सुटला.' चिंतामणीने सगळ्यांना हेच सांगितलं. मलाही.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, लवूची बायको सोनूबाई त्याच्याकडे आली. पायरीवरच बसली.

"सात वर्सं होत आली, भाऊ. भटजी म्हनतात, आता वाट बघू नको. पळसाच्या पानांचा मानूस करायचा नि त्याला अग्नी द्यायचा. बुधवारी हाय."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"त्या तळ्यातली माती हाय ना तुमच्याकडं? मूठभर द्या. छातीवर ठेवीन. त्याच्या अंगाला लागलेली तेवढीच माती."

"बघतो," तो म्हणाला.

उठताना ती म्हणाली, "तुमी हात दिलात त्याला. त्येवढ्याच आधारावर दिवस काढले मी."

नळी उघडली की थर विस्कटणार. जूनमध्ये ती नॉर्वेला न्यायची होती. तिच्यावर तिथली कायमची नोकरी ठरायची होती.

म्हणून त्याने काय करावं?

तो भाट्याच्या खाडीवर गेला. चिखल आणला. त्यातला शिंपल्यांचा चुरा गाळून काढला, हिमालयातल्या मातीसारखा मऊ केला, आणि मंगळवारी सकाळी फडक्यात बांधून सोनूबाईला दिला.

तिने ती पुरचुंडी कपाळाला लावली.

त्याच दुपारी नळी बांधून घ्यायला तो थंड खोलीत गेला. बाहेर कातळ तापलेला. आत बायका कोलंबी सोलत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. त्यांच्या मागे, खोलीच्या कोपऱ्यात, गाळ टिकावा म्हणून गारव्यात ठेवलेली नळी गोणपाटात गुंडाळून उभी होती.

त्याने गोणपाट सोडलं.

टक्...

नळीतूनच आला आवाज. थंडीने तडकली असेल, त्याला वाटलं.

टक्... टक्...

बायकांचं हसू थांबलं होतं. त्याने मागे पाहिलं. पाटांवर कोलंबीचे ढीग तसेच, पण बायका नव्हत्या. यंत्राची घरघर नव्हती. मासळीचा वासही नव्हता. बर्फाच्या पाण्याला असतो तसला कोरा, रिकामा वास होता.

त्याने नळी दोन्ही हातांनी उचलली. भीती वाटली की तो मोजायचा, लहानपणापासूनची सवय. तो रेघा मोजू लागला.

चारशे बारा... पण रेघा संपल्या नव्हत्या.

चारशे तेरा. चारशे चौदा...

चारशे एकोणीस.

दोन्ही टोकांना बूच, त्यावर लाख, लाखेवर त्याचीच सही. त्या बंद नळीत वरच्या बाजूला सात हिवाळे साचले होते. सगळ्यात वरचा थर अजून ओला होता. त्यावरच्या चार बोटं पाण्यात गढूळपणा फिरत होता... आत्ताच कोणी ढवळल्यासारखा.

मग त्या ओल्या थरात, काचेच्या आतल्या बाजूने, एक खळगा पडला.

दुसरा.

पाच.

धरायला आलेल्या हाताची पाच बोटं.

त्याला नळी टाकायची होती. हात सुटेनात. तोंडून शब्द आले ते त्याचे त्यालाही नवे होते.

"लवू, मी हात नाही दिला. आधी बूच लावलं."

घरघर सुरू झाली. एक बाई म्हणाली, "काय ओ साहेब, घाम कसला? हितं आमी गारठून मेलो!"

नळी छातीशी धरून तो थेट सोनूबाईकडे गेला. ती पळसाची पानं निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. नळी वर येताना पाण्यातच खालून बूच लावावं लागतं, नाहीतर चिखल गळून जातो. दोन्ही हात लागतात. त्याच वेळी लवू पडला. खाडीच्या चिखलाचंही सांगितलं.

ती रडली नाही.

"बूच कसं लावतात? दाखवा."

"सोनूबाई..."

"दाखवा म्हनते."

अंगणात गुडघ्यांवर बसून त्याने दाखवलं. डावा हात नळीला. उजव्याने बूच चाचपायचं, तोंडाशी धरायचं, दाबायचं, पिळायचं. ती त्याच्या हातांकडे एकटक बघत होती.

"येवढा येळ तो पान्यावर व्हता?"

"होता."

"बोलला काय?"

"'भाऊ, वायच हात,' म्हणाला."

ती उठली. मग पुरचुंडी उचलून तिने कुंपणापलीकडे फेकली आणि नळीकडे बोट केलं. चिंतामणीने लाख फोडली. चारशे एकोणीस वर्षांचा गाळ परातीत ओतला. क्षणात नुसता चिखल झाला, कोणत्याही चिखलासारखा.

"उद्या या," ती म्हणाली. "खांदा द्यायला. मागला, उजवा. तेवढं तरी धरा त्याला."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला, हे सगळं एका दमात बोलला आणि 'तू बरोबर चल' म्हणाला. मी भित्रा माणूस. नाही म्हणण्याचंही धैर्य नव्हतं, म्हणून गेलो.

बुधवारी सकाळी पळसाच्या पानांचा तो माणूस बांबूच्या तिरडीवर ठेवला. सगळा भार शेर-दोन शेर असेल. छातीवर तो राखी चिखल. पुढे मी आणि लवूचा भाऊ सखाराम, मागे त्यांचा शेजारी बाबू आणि चिंतामणी.

आम्ही उचललं. माझ्या खांद्यावर बांबू आहे की नाही हेही कळत नव्हतं.

दहा पावलं गेलो असू... मागून चिंतामणीचं कण्हणं ऐकू आलं.

"काय ओ डाक्टर," बाबू हळूच म्हणाला, "पानांचा मानूस जड लागतो?"

 ऐकू आला तो चिंतामणीचा फरपटल्यासारखा पाय. आणि थेंबांचा आवाज... टप्... टप्... कोरड्या कातळावर.

स्मशानात तिरडी उतरवली तेव्हा त्याचा उजवा खांदा भिजून काळा झाला होता. त्याच्या सदऱ्याला माझी बोटं लागली. मे महिन्याच्या उन्हात ती गारठून बधिर झाली.

चिंतामणी नॉर्वेला परत गेला नाही. नंतर सहा वर्षं जगला, उजवीकडे झुकून. कोणी विचारलं तर संधिवात म्हणायचा.

त्या वाटेवर कण्हणं ऐकून मी वळायला हवं होतं. त्याच्या जागी क्षणभर खांदा द्यायला हवा होता. माझ्याकडे वजन नव्हतं, हात मोकळा होता.

मी वळलो नाही. मी पावलं मोजत राहिलो.