न दिलेलं पाणी

अंगणात बाप उभा होता आणि गुणाबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती... ती उठली नाही!

चैत्राचे दिवस होते. गावामागच्या रानातून मोहफुलांचा गोड, जड वास सकाळपासून घरात भरून राहिला होता. त्या वासात माणसाला सगळंच थोडं स्वप्नातलं वाटतं, आणि गुणाबाईलाही त्या क्षणी असंच वाटत होतं, की ही आपण नाही, हे घर आपलं नाही, आणि घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले पाय घेऊन समोर उभा असलेला हा म्हातारा आपला जन्मदाता नाही! तिचा बाप सोमाजी काही मोठी असामी नव्हता. साधा धानाचा शेतकरी, पण सोयऱ्याधायऱ्यांत त्याच्या शब्दाला वजन होतं. आपल्या गावातले दोन जाणते सोबत घेऊन तो धाकट्या लेकीच्या, कमळाच्या लग्नाची तिथी धरायला आला होता. थोरली लेक ज्या घरात दिली त्याच घरात धाकटी द्यायची, गुणाच्या धाकट्या दिराला, इसरूला... सोयरीक पक्की होऊन कुंकू लागलं होतं. आज नुसती तिथी तेवढी ठरायची होती.

झाडीतल्या घरांची एक रीत आहे. सोयरा दारी आला की बोलण्याआधी, बसा म्हणण्याआधी, घरच्या बाईनं पाण्याचा लोटा अंगणात नेऊन ठेवायचा. पाहुणा पाय धुतो आणि मगच उंबरा ओलांडतो. लोटा आला नाही, तर त्याचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सोमाजी बराच वेळ उभा राहिला. लेकीचं लक्ष नसेल म्हणून तो खाकरला, सोबतच्या माणसांकडे पाहून ओशाळं हसलाही. सूप चालूच राहिलं.

"गुणा," तो शेवटी हळूच म्हणाला, "घरात पानी नाई का बाई?"

"घागर भरली हाये, बाबा," गुणाबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

सोबतच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोमाजीनं खांद्यावरचा शेला झटकला, आल्या वाटेला वळला आणि पळसाच्या झाडांआड दिसेनासा झाला. गावातल्या मोठ्या माणसांना बोलवायला गेलेला वारलू, गुणाबाईचा नवरा, परत आला तेव्हा ओसरीवर सुपातले तांदूळ सांडलेले होते आणि त्याची बायको भिंतीला डोकं टेकून बसली होती.

हे तिनं का केलं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

सासूसासरे लवकर गेले, तेव्हा इसरू एवढासा होता. नव्या नवरीच्या पदराआड लपणारा हा पोरगा गुणाबाईनं हातानं भरवून मोठा केला. वारलूनं पोटाला चिमटा घेऊन त्याला चांद्याच्या शाळेत घातलं. पण अभ्यासात इसरू म्हणजे सगळा आनंदीआनंदच! इंग्रजीनं त्याला लोळवलं, गणितानं त्याच्यावर माती लोटली. मॅट्रिकला दोनदा आपटला आणि तिसऱ्या खेपेला काठावर पास झाला, तोवर वारलूचा धीर सुटला होता. पुरे झालं शिक्षण, आता नांगर धर आणि लग्न कर, असं त्यानं बजावलं. नापास पोराच्या बोलण्याला घरात मोल नसतं. सोयरीक ठरताना इसरूला कुणी विचारलंही नाही.

त्याच हिवाळ्यात रानात लष्कराची नकाशे काढणारी तुकडी उतरली होती आणि वाटाड्या म्हणून इसरू त्यांच्याबरोबर हिंडत होता. एकदा रानाला आग लागली. ओझी वाहणारी माणसं वाट फुटेल तिकडे पळू लागली, तेव्हा याच मॅट्रिकच्या गड्यानं सगळ्यांना हाका मारमारून एकत्र केलं, वाऱ्याची दिशा पाहिली आणि नाल्याच्या कोरड्या पात्रातून एकेकाला बाहेर काढलं. तुकडीचा कप्तान हे पाहत होता. जाताना त्यानं इसरूला सांगितलं, की मार्क कमी असले तरी बिघडत नाही, तू कामठीला भरतीला ये, शिपाई म्हणून लाग, फौजेतच शीक, तिथल्या परीक्षा दे आणि मग निवड मंडळासमोर उभा राहा. अफसर होण्याचं पाणी तुझ्यात आहे. फक्त लग्न करून येऊ नकोस. निवड झाली, तर शिक्षण संपेपर्यंत लग्न चालत नाही.

हे सगळं इसरूनं वहिनीला सांगितलं ते मोहफुलं वेचताना. सकाळच्या धुक्यात झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता, आणि त्या फुलांत गुडघे टेकून बसलेला तो दांडगा पोरगा लहानपणीसारखा रडत होता.

"वैनी, मले काईच जमलं नाई आजवर," तो म्हणाला. "हे एक जमन असं वाटते. पन दादाले कोन सांगन?"

गुणाबाई फुलं वेचत राहिली. तिची टोपली भरली, ती घरी आली, पण मन तिथंच त्या झाडाखाली राहिलं. वारलूला सांगून उपयोग नव्हता. दिलेला शब्द तो मोडणार नाही. आणि मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली, तर पंच दंड करतील ते करतील, पण कमळाच्या कपाळी 'नाकारलेली' हा शिक्का बसेल. आपल्याच पाठच्या बहिणीच्या! पण मुलीचा बाप अपमान होऊन दारातून परतला, तर? तर मुलीकडे कुणी बोट दाखवणार नाही. मुलाकडेही नाही. सगळं खापर एकटीच्या डोक्यावर फुटेल, लोटा न देणाऱ्या बाईच्या... रात्रंदिवस तिनं हाच विचार केला, आणि प्रत्येक वेळी तो तिच्या माहेरच्या दाराशी येऊन थांबत होता. कारण ते दार मग बंद होणार होतं. तिनं ते बंद होऊ दिलं.

गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. सख्खी बहीण जाऊ होऊन आली असती, घरात वाटेकरीण झाली असती, म्हणून हिच्या पोटात दुखलं! पाणवठ्यावर हेच, बाजारात हेच. वारलूनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवणाचं, बैलांचं, कामापुरतं तेवढं बोले. सोयऱ्यांत नाक कापलं गेल्यावर आता धाकट्याला मुलगी कोण देणार, या संतापातच त्यानं इसरूला म्हटलं, की जा तुला जायचं तिथं.

निघताना इसरू तिच्या पाया पडला, पण त्याचे डोळे कोरडे होते. लग्न मोडलं ते आपल्या पथ्यावर पडलं खरं, पण जन्मदात्या बापाला असं कुणी करत नाही, असं तो जड आवाजात बोलून गेला. गुणाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं... एक शब्द, आणि या पोराच्या नजरेतला तो तिरस्कार विरघळला असता! पण हा पोर हळवा. खरं कळलं, तर हा कामठीला जाणार नाही, उलट सोमाजीच्या दारात जाऊन सगळं सांगून बसेल. तिनं शिदोरीची गाठ आणखी घट्ट बांधून त्याच्या हातात दिली.

मग वर्षं गेली. इसरू शिपाई झाला. वर्षादोन वर्षांनी सुट्टीवर येई, वाढलं ते जेवे आणि वहिनीशी बेतानं बोले. फौजेतल्या शाळेत तो इंग्रजी शिकला, निवड मंडळासमोर एकदा उभा राहिला आणि परत पाठवला गेला. ते ऐकून वारलू नुसता हसला. गुणाबाईनं मात्र त्या दिवशी जेवण केलं नाही. आपण माहेर दिलं, आणि तेही वाया गेलं का, या विचारानं तिचा जीव व्याकूळ झाला.

कमळाचं लग्न दुसऱ्या गावी झालं. थोरल्या बहिणीला बोलावणं आलं नाही. आणि एके दिवशी आठवडी बाजारात ती मिरच्या विकत घेत असताना माहेरच्या एका बाईनं तिला ओळखलं आणि कसंनुसं तोंड करून म्हणाली, तुझी माय गेली गं, तेरवीही झाली... तुला कळवलं नाही वाटतं. मिरच्या तिथंच टाकून गुणाबाई चालत सुटली. सागाच्या पानांचा कचरा तुडवत, रानातून, माहेरच्या वाटेनं. गावाची शीव आली, तळ्याची पाळ दिसली, पाळीवरचं चिंचेचं झाड दिसलं... आणि तिथं तिचे पाय थांबले. न बोलावता कुठल्या तोंडानं जायचं? ती शिवेवर मातीत बसून मनसोक्त रडली, डोळे पुसले आणि दिवस मावळायच्या आत परत आली. तेव्हापासून ती वाट तिच्या स्वप्नात येऊ लागली. स्वप्नात ती चालायची, चालायची, मोहाचा वास यायचा, तळं दिसायचं, पण गाव जवळ येत नसे.

आणि मग बातमी आली, की इसरू दुसऱ्यांदा मंडळापुढे उभा राहिला आणि निवडला गेला. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला इसरू! शिक्षण संपवून, खांद्यावर तारे लावून तो यायचा होता, तो दिवस उन्हाळ्याच्या शेवटाचा होता. गावानं पानांची तोरणं बांधली. सगळे त्याला लेफ्टनंटऐवजी लपटनसाहेब म्हणू लागले होते आणि वारलूची छाती अंगरख्यात मावत नव्हती. पण सांगितलेल्या दिवशी इसरू आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोही मोटाररस्त्यानं नव्हे, रानाच्या अंगानं. त्याचे बूट धुळीनं भरले होते. आल्या आल्या तोरणांकडे, माणसांकडे न पाहता तो सरळ चुलीपाशी गेला आणि गुणाबाईसमोर खाली बसला.

"वैनी, मी काल तुज्या बापाकडं गेल्तो," तो म्हणाला.

वारलू दारात उभा होता. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"आमाले शिकवते," इसरू सांगू लागला, "समोरून गोळ्या येऊन राह्यल्या अन् नाला ओलांडाचा असला, का एक टोळी मुद्दाम उघड्यावर जाते. सारा मारा आपल्यावर ओढून घेते. मंग बाकीचे पार होते. उस्ताद हे सांगून राह्यला होता अन् मले तूच दिसली, वैनी... सूप घेऊन ओसरीवर बसलेली. तवा समजलं मले. इतकी वर्सं मी पार होऊन गेलो, अन् मांगं वळून पाह्यलंच नाई." तो थोडा पुढं सरकला. "मीच होतो न कारन? आज तरी खरं सांग."

गुणाबाईला वाटलं, नाही म्हणावं. इतकी वर्षं जपलेलं गुपित आता तिच्या अंगाचाच भाग झालं होतं. पण समोर बसलेल्या त्या अफसराच्या डोळ्यांत तोच मोहाखालचा पोरगा रडत होता.

"हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

वारलू दारातून आत आला. त्यानं खुंटीवरचं तिचं ठेवणीतलं लुगडं काढलं, आपल्या राठ हातांनी त्याची वेडीवाकडी घडी घातली.

"मी कदी इचारलंच नाई तुले," तो खाली पाहत म्हणाला. "एकडाव बी नाई."

बाहेर इसरूच्या मागोमाग आलेली खासर उभी होती, दोन बैलांची हलकी गाडी. इसरूकडून सगळं ऐकून सोमाजीनंच ती लेकीला न्यायला धाडली होती आणि तीत माहेरी आलेली कमळा बसली होती, अंगानं भरलेली, कडेवर लेकरू घेतलेली. गुणाबाई गाडीत चढली पण बहिणीकडे पाहायची तिची छाती होईना. जो हिचा नवरा व्हायचा तो आज तारे लावून आला, आणि त्याला आपणच हिच्यापासून तोडलं... रान सुरू झालं, सागाच्या सावल्या अंगावरून सरकू लागल्या, तेव्हा कमळा एकदम हसायला लागली. म्हणाली, त्या ताडमाड नापास पोट्ट्याशी मलेच लगन कराचं नोतं बाई, पन बाबाले सांगाची हिंमत कोनाची! तू पानी देल्लं नाई हे समजलं तवा मी गोठ्यात जाऊन नाचली होती. अन् मंग तुले सारे शिव्या देऊन राह्यले तवा मले लाज वाटली, पन मी बी चूप राह्यली. एवढं बोलून हसता हसता ती रडू लागली, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मध्ये चेंगरलेल्या लेकरानं भोकाड पसरलं.

शीव आली, मागं पडली. तळं जवळ आलं, आणखी जवळ आलं... या वेळी वाट सरत होती!

सोमाजी पाळीवर चिंचेखाली बसला होता. किती थकला होता तो! नजर अधू झाली होती. गाडी अगदी जवळ थांबेपर्यंत त्याला दिसली नाही. गुणाबाई उतरली आणि त्याच्या पुढ्यात मातीत बसली. मग सोमाजीचा हात तिच्या डोक्यावर आला, पिकलेल्या केसांवरून फिरत राहिला. लेकीचेही केस पिकलेत, हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याचा हात मध्येच थांबला.

"तुजी माय शेवटपर्यंत सांगत होती," तो म्हणाला. "माजी गुणा असं उगाच करन नाई म्हने. मी आयकलं नाई. तुले बलवू बी देल्लं नाई मी."

त्याच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. गुणाबाई पदरानं ते पुसू लागली, पण ते थांबेना. तळ्यावर संध्याकाळचं ऊन मंद होत चाललं होतं आणि पलीकडे गावात कुणाच्या तरी चुलीचा धूर वर चढत होता. म्हाताऱ्यानं नाक पुसलं, आवाज सावरला आणि माहेरी आलेल्या लेकीला कुठलाही बाप विचारतो, तेच त्यानं विचारलं.

"किती दिवस राह्यशीन बाई?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"तुमी पाठवान तवा जाईन, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"मी तं पाठवतच नाई," सोमाजी म्हणाला आणि तिचा हात धरून उठू लागला.