आत एक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मोहाडीकडच्या त्या राइस मिलला सुट्टी असते. गावात पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात आणि इकडे मिलच्या मागच्या अंगाला जमिनीखालचा हौद उपसायला काढतात. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवलं की ते पाणी या हौदात येतं. त्याचा आंबूस वास एकदा नाकात बसला, की अत्तर लावूनही जात नाही.

गुंजन या मिलची सेफ्टी ऑफिसर, आणि हौदाच्या तोंडाशी दोर धरणारा जागेश्वर तिचा बाप. याच मिलच्या मजुरीवर त्यानं पोरीला नागपुरात डिप्लोमा करवला, आणि आता पोरगी चार माणसांत बापाला हेल्मेटवरून रागवायची. जागेश्वरला त्या रागावण्याचं कोण कौतुक! बिनआईची पोर ती. त्याच्या जगात दुसरं होतं तरी काय.

मिलची सगळी सुरक्षा आता मोबाइलमध्ये आली होती. बॉयलरचा धूर, सांडपाण्याचा आंबटपणा, कुणाला खरचटलं, सगळं ॲपमध्ये भरायचं. हेड ऑफिसातला पडदा हिरवा दिसला की साहेब लोकांना झोप लागायची, खाली काय का होईना. हौदाचा नियम मात्र कडक होता. उतरणाऱ्यानं आत जाताना आपलं कार्ड मोबाइलला दाखवायचं, वर आल्यावर पुन्हा दाखवायचं. जितके आत तितके बाहेर, तरच त्या दिवसाची उतरायची परवानगी बंद होणार. तोवर पडदा लाल.

दोराची भाषा जुनीच होती. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढा, तीन म्हणजे आणखी एक माणूस खाली पाठवा.

"तीन आले तं तू नोको उतरू, बेटा," जागेश्वर त्या सकाळी म्हणाला. "मी जाईन. मले तूच एक आहेस."

गुंजननं हवा तपासली. हवा चांगली होती. सुगत आणि अश्वजित हे दोन मजूर उतरले, गाळ उपसला, दुपारी दोघं वर आले. दोघांनी कार्डं दाखवली, नळाखाली आंघोळ केली आणि घरी गेले. गुंजन परवानगी बंद करायला गेली, तर मोबाइल म्हणाला, आत : १.

तिनं मोबाइल बंद करून चालू केला. आत : १. तिनं टॉर्च मारून हौदात पाहिलं. ओल्या भिंती, तळाशी ओंजळभर पाणी, बाकी काही नाही.

"गुंजन..." बापाचा आवाज एकदम खाली आला होता. "दोर वढून राहिला कोनी तरी."

दोर ताठ झाला होता. दोन झटके. जरा थांबून पुन्हा दोन. दोघांनी मिळून ओढला तर हलकाच वर आला. टोकाला कुणी नव्हतं. फक्त एक गाठ होती, पाणी निथळणारी. ती ना सुगतनं मारलेली, ना जागेश्वरनं.

तिनं मॅनेजर योगेंद्रला फोन लावला. तो हसला. "दरसाल असंच दाखोते ते. नेटवर्कचं लफडं आहे. कोनाचंही कार्ड बाहेर म्हनून मार अन् कर बंद. उद्या तपासनीवाले येऊन राहिले, लाल दिसलं तं पहिली नोकरी तुही जाईन."

नोकरीचं नाव ऐकताच जागेश्वरनं गळ्यातलं कार्ड काढलं. गुंजन नको म्हणेस्तोवर त्यानं ते मोबाइलपुढे धरलंसुद्धा. पडदा हिरवा झाला. 'जागेश्वर, सुखरूप बाहेर.' त्यानंतर दोराला झटका आला नाही.

फाटकाजवळ सत्यभामा झाडत होती. तिचा नवरा गोमाजी गेल्या उन्हाळ्यात नाहीसा झाला होता. लोक म्हणत हैदराबादला पळाला. त्याच्या चपला मात्र हौदाच्या तोंडाशी सापडल्या होत्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या, आणि हौदाचं झाकण कुलूपबंद होतं. गुंजननं घडलेलं सांगितलं तसा तिच्या हातचा खराटा थांबला.

"माह्या मानसाचंही असंच मारलं होतं कार्ड, मागच्या तान्ह्या पोळ्याले," ती म्हणाली. "तो तं आत गेलाच नोहता, बाई. न जाताच बाहेर आला... मंग जाचं राहिलं ना त्याचं."

गुंजन तशीच मोबाइलकडे वळली. तिनं ॲपमध्ये बापाची नोंद खोडायचा जीव तोडून प्रयत्न केला. बंद झालेली परवानगी उघडत नसते. हेड ऑफिसला कळवलं, तर उत्तर आलं की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मग तिनं बापाला काम सोडायला लावलं. हौदाची किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. जागेश्वर घरी बसला, पण अंगाचा आंबूस वास जाईना. साबण झाला, कडुनिंबाचा पाला झाला. सकाळी उठला की पाय ओले असायचे.

"काहून रडतं, बेटा?" तो म्हणायचा. "मी हाओ ना इथं."

धान कापणीला आलं तेव्हा एका पहाटे त्याची खाट रिकामी होती. दाराची कडी आतून लावलेली. गुंजन अनवाणी मिलकडे पळाली. झाकणाला कुलूप जसंच्या तसं होतं, आणि त्याच्याजवळ बापाच्या चपला, शेजारी शेजारी. हौद उपसला, गाळ चाळला. काही मिळालं नाही. पोलिस म्हणाले, गोसीखुर्द धरणाकडे कुणी नातेवाईक आहेत का, पाहा.

गुंजननं नोकरी सोडली नाही. का सोडली नाही, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पुन्हा तान्हा पोळा आला. या वेळी दोर तिनं स्वतः धरला. दोघं उतरले, दोघं वर आले, घरी गेले. आत : १. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट पकडून बसली. दोन झटके येतील, आपण ओढू, या वेळी सोडायचं नाही. वर्षभर ती याच एका आशेवर जगली होती.

योगेंद्रचा फोन आला. "बंद कर ना ते. लाल दिसून राहिलं."

"नाही करत, साहेब. माहा बाप आहे आत."

तो म्हणाला, "तुह्या भल्यासाठीच करून राहिलो, गुंजन. इकडून बंद करतो."

मोबाइल वाजला. पडदा हिरवा झाला होता. 'गुंजन, सुखरूप बाहेर.'

ती वाचत होती तोच हातातला दोर ताठ झाला. एक झटका. दोन. ती ओढायला उठली... आणि तिसरा आला.

दूर गावात पोरांच्या बैलांचे घुंगरू वाजत होते. बाबा मला कधीच बोलावणार नाहीत, गुंजन मनाशी म्हणत राहिली. बाबा तीन झटके देणारच नाहीत. पायांना ओल लागली म्हणून तिनं खाली पाहिलं.

तिच्या चपला हौदाच्या तोंडाशी होत्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. तिनं त्या काढल्या नव्हत्या.