एकतीस नंबरचा बिल्ला

मी वायरमन. जे दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही असं मला म्हणताच येत नाही. करंट तरी कुठे दिसतो? पण करंट टेस्टर लावला की कळतो. आता जे सांगतोय त्याला लावायला टेस्टर नाही, एवढीच माझी अडचण आहे.

माझी थोरली बहीण, ताई, जुन्या यंत्रांच्या भागांतून पुतळे बनवते. भावोजी गेल्यावर तिला हे खूळ लागलं. आधी सायकलच्या चेनचा कोंबडा केला, मग पंख्याच्या पात्यांचं कासव. कासव दिसायला इस्त्रीसारखं झालं होतं, पण तसं तोंडावर बोलायची कुणाची टाप?

मग आमचा कागदाचा कारखाना भंगारात निघाला. ज्या यंत्रावर भावोजींनी फिटर म्हणून सव्वीस वर्षं काढली, त्याचेच भाग ताई हातगाडीवर घालून घरी घेऊन आली. त्यातून बाकावर बसून वाचणारा माणूस आकाराला आला. छाती गिअरबॉक्सच्या पेटीची, गुडघे बेअरिंगचे, बोटं चेनच्या कड्यांची. एका हातात पत्र्याचं पुस्तक, दुसरा हात खाली मांडीवर टेकलेला. तो हात मीच वेल्ड करून पक्का केला होता. मान किंचित डावीकडे कललेली. भावोजी तसेच बसायचे.

"पुस्तक कशाला दिलंस?" मी म्हणालो. "भावोजींनी आयुष्यात पेपरसुद्धा धड वाचला नाही."

"आता सवड आहे त्यांना," ताई म्हणाली.

गेल्या महिन्यात ती शेडमध्ये चक्कर येऊन पडली. दोन तास तशीच जमिनीवर. मी सहज डोकावलो म्हणून कळलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. आमच्याकडे राहायला चल म्हणून मी तिच्या विनवण्या केल्या, भांडलो, चार दिवस अबोला धरला. माझ्या अबोल्याला ती कधीच भीक घालत नाही. शेवटी म्हणाली, "पुतळा वाचनालयाच्या अंगणात बसू दे. मग येते." वाचनालयानं तो मागितलाच होता. मी लगेच शनिवारची क्रेन ठरवली.

शुक्रवारी सकाळी पुतळ्याच्या मांडीवरच्या हाताला, मनगटात, तांबडा बिल्ला लटकत होता.

हा बिल्ला काय ते सांगायला हवं. फिटर यंत्राच्या आत शिरण्याआधी आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला विजेच्या खटक्याला अडकवायचा. बिल्ला आहे, म्हणजे आत माणूस आहे. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तो काढल्यावरही यंत्र चालू करण्याआधी पान्यानं दोन ठोके मारून विचारायचं. आत कुणी राहिलं असेल तर ते एक ठोका देई. काही आवाज आला नाही तर खुशाल चालू करा. ते खटके माझ्या ताब्यात असत, म्हणून भावोजी मला खटक्याच म्हणत. दुसरं कुणी म्हणत नसे.

"चेष्टा पुरे हं," ताई म्हणाली. "कुठून आणलास हा?"

बिल्ल्यावर ३१ ठोकलेलं होतं, आणि कडेला जुनी खाच होती. भावोजींचाच. मी तो ओळखणार नाही तर कोण? त्यांना शेवटचा निरोप देताना, कुणाला न सांगता, मीच तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला होता.

"मी नाही आणला, ताई."

तिनं मला निरखून पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. हळूहळू तिचा चेहरा मऊ झाला.

"मग उद्याची क्रेन राहू दे," ती म्हणाली. "अजून आत असतील."

"ताई, वेडी आहेस का?"

"नियम तुमचाच ना रे?"

शनिवारी क्रेनवाला दारात हॉर्न वाजवू लागला आणि ताई अर्धी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. माझं डोकं फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर ती शेडच्या जमिनीवर पडलेलीच दिसत होती. मी शेडमध्ये गेलो, पार गुडघ्यापर्यंत वाकलो आणि बिल्ला काढून खिशात टाकला. तीस वर्षांत दुसऱ्याच्या बिल्ल्याला पहिल्यांदा हात लावला. ठोकून विचारलंही नाही. बोटांना ताजं ग्रीस लागलं.

"बिल्ला नाहीये तिथे," मी तिला सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

ती स्वतः जाऊन बघून आली. "झालं वाटतं काम," म्हणाली आणि डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाचनालयात चौथरा नको असा तिचा हट्ट होता, म्हणून बाक जमिनीवरच बसवला. क्रेन गेली. दुपारची सुट्टी असल्यानं अंगणात कुणी नव्हतं. तिची पिशवी माझ्या गाडीत होती. मी म्हणालो, चल आता.

ताईनं कमरेचा पाना काढला.

"एकदा विचारते," ती म्हणाली, आणि पुतळ्याच्या छातीवर दोन ठोके मारले.

काही नाही. मी श्वास सोडला.

मग आतून एक ठोका आला.

"नट सैल झाला असेल," मी म्हणालो. "क्रेननं हलला असेल."

तिनं पुन्हा दोनदा ठोकलं.

पुन्हा एकच. जरा घाईचा. भावोजी वैतागले की असाच देत.

"खटक्या," ताई मला पहिल्यांदाच त्या नावानं म्हणाली, "बिल्ला कुठाय?"

मी खिशातून काढून दाखवला. मला रडू आवरेना. "तुला न्यायचं होतं गं. फक्त तेवढंच."

"कळतंय मला, गाढवा." तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "लाव परत. मी बसते इथे. त्यांचं झालं की येऊ."

ती पुतळ्याशेजारी बाकावर टेकली. मी बिल्ला लावला.

काढताना मांडीवरच्या त्या हातासाठी गुडघ्यापर्यंत वाकावं लागलं होतं. लावताना उभ्या उभ्याच लागला.